मी बदली शेठ

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "लोकांच्या खुर्चीत बसते." ऐकणारा हसतो. मग मी विचारते, "तुमचा स्वतःचा कारखाना आहे का?" असला, तर तो हसायचा थांबतो आणि माझा नंबर मागतो.

कारखान्यात कायमचा कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी जो उभा राहतो त्याला 'बदली' म्हणतात. मी मालकांची बदली. मालक सुट्टीवर गेला की तितके दिवस त्याच्या खुर्चीत बसायचं आणि तो परत आला की उठायचं. आमच्या वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये मला 'बदली शेठ' म्हणूनच ओळखतात. एकदोघांनी 'शेठाणी' म्हणून पाहिलं. मी म्हटलं, शेठाणी म्हणजे शेठची बायको, तिची बदली मी करत नाही.

बाहेरच्यांना हे जरा समजावून सांगायला हवं. गाळा म्हणजे एका शटरमागचा लहान कारखाना. कुणी स्प्रिंगा करतं, कुणी बाटल्यांची बुचं, कुणी पितळेच्या कड्या. दहा-पंधरा माणसं आणि एक मालक. हा मालकच मॅनेजर असतो, वसुलीही तोच करतो आणि कुलूपही तोच लावतो. नोकरदाराची रजा नाकारायला वर साहेब असतो. मालकाची रजा नाकारायला तो स्वतः असतो आणि त्याच्याइतका खडूस साहेब मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

मी स्वतः औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर होते. निवृत्त झाले आणि वसईजवळच्या पापडी गावातल्या घरी बसले. आमचे हे वाडीतल्या केळींत रमलेले. मला केळींशी काय बोलावं ते सुचत नसे. अशात शेजारचे स्प्रिंगवाले पाटील यांच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी हे गृहस्थ पिवळ्या कानाला फोन लावून गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्यांची बायको माझ्याकडे आली. म्हणाली, "सुलभाताई, दोन दिवस ह्यांच्या गाळ्यात जाऊन बसा हो. नाहीतर कन्यादान करताना हे भटजींना विचारतील, माल गेला का?"

मी जाऊन बसले. स्प्रिंगेतलं मला काही कळत नव्हतं, पण कामगारांतलं कळत होतं. पाठवणीच्या वेळी पाटील लहान मुलासारखे रडले म्हणे. त्यांची बायको नंतर साखरेचा पुडा घेऊन आली. "ताई, रडायला वेळ मिळाला त्यांना," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यावर माझा धंदा सुरू झाला. आमचे हे म्हणाले, "घरात कायमची शेठ आहेस, बाहेर बदलीवर कशाला जातेस?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझी पद्धत साधी आहे. मी गाळ्यातलं काहीही बदलत नाही. पंख्याचा वेगसुद्धा नाही. चेकबुकाला हात लावत नाही, मशीनला तर नाहीच. मग दिवसभर करते काय? तर विचारायला आलेल्या माणसाला उत्तर देते. "म्याडम, हे रीळ लावू का?" लाव. "तो टेम्पो सोडू का?" सोड. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. त्याला फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं असतं.

आणखी एक गोष्ट मी करते, ती या धंद्यातली माझी स्वतःची अक्कल आहे. मालक परत येईल तेव्हा त्याच्यासाठी एक बारीकसा निर्णय राखून ठेवते. शटरला रंग कोणता द्यायचा, चहावाला बदलायचा का, असलं काहीतरी. कारण पहिल्या-पहिल्यांदा मी अभिमानानं सांगायची, "काही अडलं नाही हो तुमच्यावाचून!" आणि समोरच्याचा चेहरा उतरायचा. बुचं करणारे एक जाडजूड गृहस्थ काश्मीरहून परतले आणि हे ऐकून खरंच डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "म्हणजे माझी गरजच नाही का?" तेव्हापासून मी निर्णय राखून ठेवते. आल्या आल्या मालक तो मोठ्या आवाजात घेतो आणि सगळं पूर्ववत होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात. एका पितळवाल्यानं मला आठवडाभर बसवलं आणि स्वतः समोरच्या टपरीवर पेपर तोंडापुढे धरून बसून राहिला. घरी बसवेना, बाहेरगावी जाववेना. मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कामगाराच्या हाती निरोप धाडला, "पेपर कालचाच आहे, आजचा आत ठेवलाय, हवा तर न्या." तो त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन गणपतीपुळ्याला गेला.

आणि एकजण होते, नाव नको. मला तीनदा बोलावून तीनदा पुढे ढकललं. ही ऑर्डर जाऊ दे, दिवाळी होऊ दे, नवीन मशीन बसू दे. शेवटी मी त्यांच्या खुर्चीत बसले तेव्हा भिंतीवर त्यांच्या फोटोला हार होता. त्यांची मुलं गाळा विकेपर्यंत मी बसले. ती एक बदली मला आजही नकोशी वाटते. त्यानंतर कुणी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणालं की माझा आवाज चढतो. चढू दे.

पण मला सांगायचंय ते दिलीपशेठच्या रविवाराबद्दल.

दिलीप पुठ्ठ्याची खोकी करतो. मूळचा सावंतवाडीकडचा, वसई पश्चिमेला फ्लॅट. बायको वैशाली शाळेत शिक्षिका. लेक सई, बारावीची परीक्षा होऊन प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लागलेली. पाऊस सुरू झाला की ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. आता आमच्याकडची एक खोड सांगते. वसई पूर्वेच्या गाळ्यांना सुट्टी शुक्रवारी. विजेचा भार वाटून घ्यायला कधीकाळी निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार दिले, त्यात आमच्या वाट्याला शुक्रवार आला. आता वीज आहे, पण वार तसाच राहिला. कामगारांतल्या निम्म्यांना नमाजासाठी तो सोयीचा, बाकीच्यांना सवयीचा. दिलीपचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कामणचा गोदामवाला. त्याला माल सोमवारी सकाळी हवा, म्हणजे रविवार हा दिलीपच्या आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा दिवस. शुक्रवारी हा घरी, तेव्हा वैशाली शाळेत आणि सई क्लासमध्ये. रविवारी त्या दोघी घरी, तेव्हा हा गाळ्यात. लग्न झाल्यापासून असंच.

सई मला पहिल्या भेटीत म्हणाली, "मावशी, आमच्या घरात बाबा शुक्रवारी असतात. तेव्हा घरात कुणी नसतं." तक्रार नव्हती, ती माहिती देत होती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तिची एकच मागणी होती. पुण्याला जायच्या आधी बाबांनी तिला स्कूटर शिकवायची. अठरा पूर्ण झाली होती, शिकाऊ लायसन्स हातात होतं. बाबांनीच शिकवायची, क्लासवाल्यांनी नाही. दिलीपनं कबूल केलं. एका रविवारी तिघं किल्ल्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेली. सई सीटवर बसते न बसते तोच गाळ्यातून फोन आला. दिलीप "आलोच" म्हणाला आणि मिळेल त्या रिक्षानं पूर्वेला पळाला. मागे राहिल्या मायलेकी आणि स्कूटर. दोघींपैकी एकीलाही ती चालवता येत नव्हती. ढकलत ढकलत त्यांनी ती घरी आणली. दुसऱ्या दिवशी वैशाली शाळेतून थेट माझ्याकडे आली. "ताई, मला काश्मीर नको, काही नको. पोरगी जाईपर्यंतचे रविवार द्या मला."

पुढच्या रविवारी मी दिलीपच्या खुर्चीत बसले.

खोक्याच्या कामातली थोडी माहिती इथे लागेल. कागदाला आधी लाटांसारख्या नाळी पाडतात, मग त्यावर दुसरा कागद चिकटवतात. चिकटवायला लागतो गम. मक्याचा स्टार्च आणि कॉस्टिक सोडा ड्रममध्ये घालून तो रोज सकाळी शिजवतात. पातळ राहिला तर पुठ्ठा ओला होऊन सुटतो, जास्त घट्ट झाला तर गाठी होतात. गम तयार झाला की नाही हे ठरवायचं काम दिलीपचं. तो काठीवरचा गम बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं दाबून तार काढायचा आणि म्हणायचा, "झाला." तो शब्द आल्याशिवाय मशीनचं बटण कुणी दाबत नसे. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

मी बसले त्या सकाळी गम शिजला. फोरमन यशवंत, कामणच्या बाजूचा, दिलीपकडे पहिल्या दिवसापासून असलेला. त्यानं बोट बुडवलं, तार काढली आणि उभा राहिला.

"झाला का?" मी विचारलं.

"शेठ बोलतील."

"शेठ आज नाहीत, यशवंत."

"मंग येतील."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय म्याडम? बोलतात ते शेठ."

मी म्हटलं, मी सांगते, चालू कर. तो म्हणाला, "तुमी गमातल्या नाय." खरंच होतं ते. मला बाटल्या भरता येतात, गमातलं मला शून्य कळतं. तेवढ्यात यशवंतनं खिशातून फोन काढून दिलीपला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे स्कूटरची शिकवणी थांबवून दिलीप ओरडत होता, "फोन खाली धर! अजून खाली! काठी उचल, तार दिसू दे मला!" यशवंत वाकला, आणखी वाकला आणि फोन ड्रममध्ये पडला. डुबुक झालं आणि कॉल बंद.

तिकडे दिलीपला वाटलं, यशवंतच पडला. अर्ध्या तासात गाळ्याच्या दारात रिक्षा थांबली. दिलीपच्या डोक्यावर सईचं गुलाबी हेल्मेट तसंच होतं. यशवंत धडधाकट दिसल्यावर आधी त्यानं देवाच्या फोटोला हात जोडले, मग ड्रममध्ये बोट बुडवलं आणि म्हणाला, "झाला." मशीन चालू झालं. आता आलोच आहे तर थांबतो, असं म्हणून तो संध्याकाळपर्यंत थांबला. मी कपाळाला हात लावून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत मी यशवंतला बाजूला घेतलं. "गम झालाय हे तुला दिसत होतं ना?"

"दिसतंय की. डोले हायत ना मला."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग सांगितलं. फार पूर्वी एकदा दिलीपला यायला उशीर झाला होता, तेव्हा यशवंतनंच 'झाला' म्हणून मशीन चालू केलं. गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर त्या मालाचे थर सुटले. दिलीप सगळ्यांसमोर ओरडला, "झाला म्हणायचा अधिकार तुला दिला कुणी?" पुढे कळलं, गम बरोबर होता, कागद ओला आला होता. पण तोवर ओरडून झालं होतं. यशवंत म्हणाला, "तवापासनं मी बोलतच नाय."

शुक्रवारी गाळा बंद असताना मी दिलीपला तिथेच बोलावलं. यशवंतची गोष्ट त्याच्या लक्षातही नव्हती. ऐकून तो खुर्चीत मागे टेकला. "मी असं बोललो? यशवंतला?" मग हळूच म्हणाला, "मॅडम, काल सई म्हणाली, बाबा, राहू दे आता. पुण्याला मैत्रीण शिकवेल मला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? या रविवारी एकदाच ये म्हटलं. आईसाठी म्हणून तयार झाली. माझ्यासाठी नाही."

मला त्याची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, "दिलीपशेठ, या रविवारी तुम्ही पुन्हा पळून आलात तर मी तुम्हाला या शटरच्या आत घेणार नाही. आणि पोरगीही घेणार नाही तिच्या आयुष्यात, हे लक्षात ठेवा." हे जरा जास्तच झालं, पण मी बोलले. त्यानं मान हलवली.

रविवार उजाडला. ड्रममध्ये गम शिजायला लागला. यशवंत काठी ढवळत उभा. कागद लावून झालेला, माणसं जागच्या जागी, सगळ्यांचे डोळे यशवंतवर आणि यशवंतचे डोळे दारावर. दारात कुणी येणार नव्हतं. कामणचा टेम्पो संध्याकाळी यायचा होता आणि मशीन गप्प होतं.

मी खुर्चीतून उठले, ड्रमपाशी गेले, काठीवरचा गम दिलीपसारखाच बोटावर घेतला, अंगठ्यानं दाबला, तोंड शक्य तितकं गंभीर केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "झाला!"

मशीनवरच्या माणसानं बटणाकडे हात नेला.

"ए, थांब!" यशवंत ओरडला. "नाय झाला! म्याडम, कुठं झाला? पानी हाय नुसतं! अख्खा माल सुटंल!"

यशवंतला स्वतःचाच आवाज ऐकून घाम फुटला. मी बोट साडीला पुसलं आणि म्हटलं, "नाही झाला? बरं. मग कधी होईल?"

"अजून थोडा टाइम. मी बघतो." आणि तो खरंच बघायला लागला. आच वाढवली, काठी स्वतःच्या हातात घेतली, एकाला पलीकडे हो म्हणून दटावलं. थोड्या वेळानं तार काढली, पुन्हा काढली. मग माझ्याकडे न बघता, दाराकडेही न बघता तो बोलला, "झाला. लाव मशीन."

मशीन सुरू झालं. पहिला पुठ्ठा बाहेर आला तो यशवंतनं दोन्ही हातांनी ताणून पाहिला. चिकटला होता. त्यानं तो मला आणून दाखवला आणि मी आपली गमातली तज्ज्ञ असल्यासारखी मान डोलावली.

मी ते मुद्दाम केलं, असं आता गाळ्यांच्या सगळ्या इस्टेटीत सांगतात. कच्चा गम मुद्दाम पास केला, यशवंतला बोलतं करायला. मी ते कधी नाकारलेलं नाही. खरं विचाराल तर मला तो गम चांगला झालेला वाटला होता.

अर्ध्या तासानं माझा फोन वाजला. दिलीप. पाठीमागून हॉर्न आणि वैशालीचं "ब्रेक, ब्रेक!" ऐकू येत होतं.

"मॅडम, येऊ का? गम झाला का?"

मी फोन स्पीकरवर टाकून यशवंतच्या हातात दिला.

"झाला शेठ," यशवंत म्हणाला.

"कोण बोललं?"

"मीच बोललो."

तिकडे पुन्हा हॉर्न वाजला. मग दिलीपचा आवाज आला, "तू बोललास ना? मग झाला." आणि त्यानंच फोन ठेवला. यशवंतनं फोन मला परत दिला आणि तोंड फिरवून उगीचच ड्रमची कड पुसायला घेतली.

दुपारी माल सुकत घातला होता, आम्ही चहा पीत होतो. इस्टेटीच्या फाटकातून एक स्कूटर आत आली. हळू, पण सरळ. पुढे सई, गुलाबी हेल्मेट घालून, ओठ घट्ट मिटलेले. मागे दिलीप, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर. सईनं गाळ्यासमोर ब्रेक लावला आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. सगळी माणसं बाहेर आली. एकानं शिट्टी मारली.

"मावशी, रेल्वेवरचा पूल ओलांडून आणली मी!" सई ओरडली. "पश्चिमेहून पूर्वेला! बाबांनी हँडल धरलंसुद्धा नाही!"

मी टाळ्या वाजवल्या. पण माझं लक्ष दिलीपकडे होतं. त्याचं नाक गमाच्या वासानं हललं. नजर शटरच्या आत गेली, पुठ्ठ्याच्या थप्प्यांवर, मशीनवर, ड्रमवर. एक पाय खाली आला आणि जमिनीला टेकला. सईनं आरशातून तो पाय पाहिला असावा, कारण तिचं हसू मावळलं.

"बाबा, उतरायचंय?"

दिलीप यशवंतकडे बघत होता. "यशवंत, काय राहिलंय?"

"काय नाय राहिलं. टेम्पो भरायचाय फक्त. मी भरतो."

दिलीपनं पाय उचलला आणि पुन्हा फूटरेस्टवर ठेवला. "चल," तो सईला म्हणाला, "आता परतीचा पूल. हँडल मी अजून धरणार नाही."

स्कूटर वळली. वळताना जरा डगमगली, दिलीपचे हात वर आले आणि पुन्हा मांड्यांवर गेले. पोरीचं हसणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. इतक्या मालकांना मी गावोगावी पाठवलं होतं, पण स्वतःच्या गाळ्याच्या दारातून परत फिरलेला हा पहिला.

यशवंत रस्त्याच्या मधोमध उभा राहून स्कूटर गेली त्या बाजूला बघत होता.

"म्याडम," तो म्हणाला, "शेठ उतरले नाय."

"नाही उतरले," मी म्हटलं आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहून मोठमोठ्यानं हसलो.